जेवायला बसलं की फुगणारी गाठ

भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता. दारात देवऋषी आला की मी मुद्दाम भांडी आपटायची, म्हणजे त्याला कळावं. तरी आयुष्यात एक गोष्ट अशी घडली की... असो. सांगते, तुम्हीच काय ते ठरवा.

पन्नास सालानंतरची, मी ऐन विशीत असतानाची गोष्ट. सासर इंदापूर तालुक्यातलं सणसर. कालव्याच्या पाण्यावर ऊस, खाऊन-पिऊन सुखी घर. माहेर नरसिंहपूर, संगमावरचं. माझी धाकटी जाऊ गंगू म्हणजे माझा जीव होता. आम्ही दोघी एका ताटात जेवायचो. मी आल्याशिवाय तिनं कधी घास तोंडात घातला नाही. ती पहिल्या बाळंतपणातच गेली. वर्षाच्या आत दिराचं दुसरं लग्न झालं आणि हिरा घरात आली. आमच्याकडं दुसरेपणावर आलेल्या बाईच्या गळ्यात पहिलीच्या नावाचा चांदीचा टाक घालतात. गंगूचा तो टाक हिराच्या गळ्यात बघितला की माझं टाळकं सरकायचं. मी कामापुरतंच बोलायची. ती मात्र आक्का आक्का करत मागं असायची.

हिराला दिवस गेले आणि त्याच सुमारास तिच्या जबड्याखाली, डाव्या अंगाला, सुपारीएवढी गाठ आली. कान ठणकायचा, घशात काही अडकल्यागत वाटायचं, तोंड कोरडं पडायचं. कानात लसणाचं तेल घालून झालं, गाठीवर उंबराचा चीक लावून झाला. कुणी गंडमाळ म्हणालं, कुणी गालगुंड. पण एक गोष्ट सगळ्यांच्याच डोळ्यावर आली — हिरा जेवायला बसली, भाकरीचा तुकडा मोडला, की गाठ बघता बघता फुगायची. जेवण आवरलं की हळूहळू बसायची.

झालं! आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, देवऋषी आणला. त्याचं म्हणणं, गंगू डोहाळे अपुरे ठेवून गेली, म्हणून हिच्या गळ्यात बसून जेवते. तिचं पोट भरेस्तोवर हिला भाकरी द्यायची नाही. टाक पाटावर ठेवून ताट त्याच्यापुढं वाढायचं, हिनं नुसती अळणी पेज प्यायची. आणि कहर म्हणजे, गुण आला! गाठ फुगायची थांबली. मग माझं कोण ऐकतंय? गाठ दबली, पण हिरा वाळत चालली. पाण्याची कळशी उचलली तरी तिला भोवळ यायची. पोटात लेकरू आणि पोटाला पेज... हीही गंगूच्याच वाटेनं जाणार, या धास्तीनं माझा डोळा लागेना.

आता माझं सांगते. हिराला गाठ आली तेव्हापासून माझ्याही जिभेखाली, डाव्या बाजूलाच, जेवताना काहीतरी टोचायचं. भाकरीत खडा यावा तसं. बोट घालून चाचपावं तर काही नाही. हिराची भाकरी बंद झाली आणि माझं टोचणंही थांबलं. मी म्हटलं, चला, गेलं एकदाचं.

पुढं भावाच्या मुलाच्या बारशाला मी नरसिंहपूरला गेले. भर दुपारी घाटावर धुणं धूत होते. तोंडात सुपारीचं खांडसुद्धा नव्हतं, आणि जिभेखाली अशी कळ आली की हातातलं लुगडं सुटून वाहत गेलं! दुसऱ्या दिवशी सणसरला परतले, तर हिरानं मला गोठ्यामागं ओढलं.

"आक्का, आत्याबाईंस्नी सांगू नगा. काल दुपारी लई भूक लागली. चिंचा फोडाय बसले हुते, दोन बोटकं खाल्ली. गाठ अशी टरारली, वाटलं फुटतीया."

तोंडात कुठं दुखलं का, असं मी विचारलं. तोंडात काहीच नाही म्हणाली, गाठीत आणि कानात तेवढं.

काल दुपारी. मी घाटावर होते तेव्हा.

घरात मी, माझंच तोंड दुखतंय, बारामतीच्या डॉक्टरला दाखवते, सोबतीला हिराला नेते, एवढंच सांगितलं. आत्याबाई कुरकुरल्या; पण मी हटून बसले की कुणाचं चालत नाही.

डॉक्टरांनी बॅटरी मारून माझं तोंड बघितलं. काही नव्हतं. कुठं टोचतं तिथं बोट ठेवा म्हणाले, मी ठेवलं. कधी टोचतं? मी म्हटलं, ही खाते तेव्हा. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं असं बघितलं की माझा पाराच चढला.

"माझं ऱ्हाऊ द्या," मी म्हटलं. "मी बोट ठिवलंय तितंच हिच्या तोंडात बघा."

हिरानं पदर तोंडाशी धरला, तो मीच बाजूला केला. डॉक्टरांनी तिच्या जिभेखाली चाचपलं, बाहेरून गाठ दाबली, आणि त्यांचा हात एका जागी थांबला. बारीकशी चीर देऊन त्यांनी पांढरट खडा काढला, तुरीच्या डाळीएवढा. लाळेच्या नळीत अडकला होता. खायला लागलं की लाळ सुटते, वाट मिळत नाही, म्हणून गाठ फुगते. कळ कानात जाते. आंबटानं तर जास्तच. आणि पेजेला लाळ सुटते ती कितीशी!

म्हणजे गंगू कुणाचं खात नव्हती. दवाखान्याच्या ओट्यावर बसून मी ढसाढसा रडले.

माझ्या टोचण्याचं विचारलं तर डॉक्टर म्हणाले, मनाचा खेळ असतो. असेल. पण हिनं चिंच खाल्ली ते मला इतक्या लांब घाटावर कसं कळलं, असं विचारल्यावर ते हात धुवायला उठले.  हिराला मुलगी झाली, दोघी सुखरूप. आत्याबाई शेवटपर्यंत म्हणायच्या, गंगूच आली होती. मी म्हणायची, छट्! पण मला दुसरंही काही सांगता यायचं नाही.

तोंडाची जखम भरल्यावर मी हिराला माझ्याच ताटात जेवायला बसवलं. आधी टाकाला वाढायच्या सवयीनं तिनं पहिला घास बाजूला काढला. मला काय वाटलं कोण जाणे, तो घास मीच उचलून खाल्ला. जिभेखाली काही टोचतंय का, म्हणून हळूहळू चावत राहिले. नाही टोचलं.