पाठमोरे मामा

गावच्या शाळेतून चिंचवडच्या हायस्कुलात आठवीला आलो आणि आम्हां मुलींचा हुतूतू बंद पडला. गावात परकर खोचून खेळायचो. इथं मुलगे कुंपणावर बसून बघत. एका संध्याकाळी शाळेच्या शिपाईमामांनी विहिरीमागं फक्कीनं मैदान आखलं, मुलग्यांना हाकललं आणि आमच्याकडे पाठ करून बिडी शिलगावली.

"खेळा गं. मी न्हाई बगत."

मग हे रोजचंच झालं. मामांनी आमचा एकही डाव कधी पाहिला नाही. पण 'हुतूतू' म्हणता म्हणता माझा दम तुटला आणि मी गुपचूप नवा घेतला, की कुंपणाकडे तोंड ठेवूनच ते ओरडायचे,

"दम चोरलास, पोरी! बाद!"