डावऱ्या हाताची खाच

घड्याळ बंद पडलं की माणसं आधी ते कानाला लावतात, मग हलवतात, मग टेबलावर हलकेच आपटतात आणि एवढे सगळे उद्योग करून झाले की मावशीकडे येतात. मावशीचं दुकान म्हणजे एका जिन्याखालची जागा. आत शिरायचं तर मान वाकवावी लागते, आणि दोन गिऱ्हाइकं एकदम आली तर एकाने फुटपाथवर उभं राहायचं. पण टेबल बघा तिचं! चिमटे ओळीने, तेलाच्या वाट्या झाकलेल्या, धुळीचा कण नाही. आणि कोपऱ्यात, मऊ फडक्याखाली, तिच्या वडिलांचा लेथ, म्हणजे पोलाद फिरवत कातायचं यंत्र. एवढासा, की शेजारी मांजर बसलं तर मांजरच मोठं दिसावं.

मावशी छप्पन्न वर्षांची. डावरी. भिंग लावून लावून एक डोळा कायमचा बारीक झालेला, त्यामुळे ती साधं 'या, बसा' म्हणाली तरी समोरच्याला वाटतं, बाईंना आपला संशय आलाय. गल्ली तिला मावशी म्हणते, पण खरा भाचा एकच. तो मोठ्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये कामाला. काचेच्या भिंती, पांढरा कोट, हातात रबरी मोजे. चिमटा धरायला शिकला तो याच जिन्याखाली, पण मावशी आता त्याला 'कोटवाले' म्हणूनच हाक मारते.

तर याच कोटवाल्याने मावशीसाठी नोकरी आणली होती. कंपनीच्या काउंटरवर बसायचं, घड्याळं घ्यायची, पावत्या लिहायच्या. पगार बांधलेला, वर एसी. शनिवारी बाराच्या आत हो की नाही ते सांगायचं होतं.

आणि मावशी हो म्हणणार होती. हौस म्हणून नव्हे हो! महागड्या घड्याळांचे भाग कंपन्यांनी बाहेरच्या कारागिरांना विकणंच बंद केलं होतं. पूर्वी पत्र टाकलं की कागदाच्या पुडीत इवलंसं चाक यायचं. आता उत्तर यायचं, 'घड्याळ आमच्याकडे पाठवा.' पाठवा म्हणजे काय, दर वर्षी चढत जाणारा तो सर्व्हिसचा आकडा बघून माणसाचंच हृदय बंद पडायचं, घड्याळ राहिलं बाजूला! मावशीच्या हाती उरलं होतं ते धुणं, पुसणं, तेल घालणं. तुटलेला भाग स्वतः घडवावा, तर तो तिने आयुष्यात एकदाच घडवला होता, पंचविसाव्या वर्षी, आणि तोही फसला होता. निदान तिची तशी पक्की समजूत होती. भाग मिळत नाही आणि करता येत नाही, मग दुकान उघडून काय माश्या मारायच्या? लेथ कुणाला विकायचा हेसुद्धा तिने मनाशी ठरवून टाकलं होतं.

बुधवारी सकाळी एक बाई मान वाकवून आत आल्या. निवृत्त नर्स. त्यांनी रुमालाची गाठ सोडली आणि टेबलावर एक घड्याळ ठेवलं. मावशीचा बारीक डोळासुद्धा मोठा झाला. असलं घड्याळ या टेबलावर वर्षा-दोन वर्षांतून एखादं यायचं.

"घाबरू नका, चोरीचं नाहीये," बाई हसून म्हणाल्या. "आमचे हे जहाजावर स्वयंपाकी होते. वर्षभराचा पगार घालून घेतलं होतं. मी महिनाभर बोलले नव्हते त्यांच्याशी. आता ते नाहीत, आणि मी रोज या घड्याळाला किल्ली देते. गेल्या आठवड्यात हातातून पडलं, बंद झालं."

"कंपनीत नेलंत का, सिस्टर?"

"नेलं की! हे बघा काय सांगितलं." त्यांनी छापील कागद पुढे केला. आकडा बघून मावशीने भिंग काढलं, पुसलं आणि पुन्हा बघितला. तेवढाच होता. "माझं चार महिन्यांचं पेन्शन आहे हो ते. ह्यांनी घड्याळच मुळी त्याच्या अर्ध्यात घेतलं होतं!"

"चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला," मावशी पुटपुटली. आकड्याखाली हाताने कारण लिहिलं होतं: 'बॅलन्सचा दांडा कंपनीचा नाही. निकृष्ट बनावट भाग. संपूर्ण यंत्र बदलावे लागेल.' अक्षर ओळखीचं होतं. हे कोटवाल्याचंच काम!

आता बॅलन्सचा दांडा म्हणजे काय, तर घड्याळात जे चाक इकडून तिकडे झुलत असतं ना, त्याचा मधला आस. तांदळाच्या दाण्याहून बारीक आणि त्याची टोकं केसाहून बारीक. घड्याळ पडलं की पहिलं टोक मोडतं ते त्याचं. मावशीच्या मनात आलं, नाही म्हणून टाकावं. थोड्याच दिवसांत आपण काउंटरवर बसणार, कशाला नसती आफत? पण सिस्टर म्हणाल्या, "बाई, उघडून तरी बघा. ह्यांनी मागे एकदा इथेच दुरुस्त करून घेतलं होतं. जिन्याखालचं दुकान म्हणायचे."

मावशीने मागचं झाकण फिरवलं, आतली बाजू दिव्याखाली धरली आणि तिच्या तोंडून निघालं, "अग्गबाई!"

त्या दुकानाची वडिलांच्या वेळची एक रीत होती. काम करणाऱ्याने झाकणाच्या आत सुईने आपली खूण कोरायची. मग दुसऱ्याने घड्याळ तपासायचं, आणि पसंत पडलं तरच खुणेशेजारी टिंब द्यायचं. टिंब नाही तर घड्याळ दुकानाबाहेर जाणार नाही. इथे डावीकडे झुकलेली चंद्रकोर होती, खाली साल, आणि शेजारी खोल, ठसठशीत टिंब. चंद्रकोर मावशीची. टिंब वडिलांचं. साल एकतीस वर्षांपूर्वीचं.

म्हणजे हेच ते घड्याळ! तिच्या फसलेल्या दांड्याचं!

सिस्टर गेल्या आणि मावशी तशीच बसून राहिली. त्या दिवशी तीन तास लेथवर वाकून तिने दांडा घडवला होता आणि शेवटच्या क्षणी डावा हात सटकला. जिथे एक चकती बसते तिथे, तिच्याखाली, पोलादात बारीक खाच पडली. चकती बसवली की खाच झाकली जायची. तिने गुपचूप बसवली आणि घड्याळ वडिलांपुढे ठेवलं. वडील एवढंच म्हणाले, "ठेव, मी बघतो." संध्याकाळी ती घरी निघाली तेव्हा मागे लेथ फिरत होता. झालं! तिला कळायचं ते कळलं. बाबांनी खाच पकडली आणि आता स्वतः नवा दांडा घडवतायत. तिने विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. वडिलांच्या तोंडून कौतुक बाहेर पडायचं म्हणजे आधी मुहूर्त काढावा लागायचा! त्यानंतर तिने लेथला हात लावला तो फक्त पुसायला.

टिंब दिलं ते त्यांनी स्वतःच्याच दांड्याला, असं म्हणत तिने बॅलन्सचं चाक सोडवलं. वरचं टोक मोडलं होतं. तिने हळूच खालची चकती काढली आणि भिंगातून बघितलं.

खाच! तिथेच होती. डावीकडून तिरकी गेलेली, उजव्या हाताने काम करणाऱ्या कुणाकडून पडूच शकणार नाही अशी खाच!

मावशी उठून उभी राहिली आणि जिन्यावर तिचं डोकं आपटलं. तीस-पस्तीस वर्षांत नव्हतं आपटलं कधी. डोकं चोळत ती परत भिंगावर वाकली. खाचेच्या दोन्ही कडा गुळगुळीत होत्या, आरशासारख्या चमकणाऱ्या. तिने तर त्या खरखरीत सोडल्या होत्या! म्हणजे त्या संध्याकाळी लेथ फिरला तो नव्या दांड्यासाठी नव्हे. बाबांनी खाच बघितली, तिच्या कडा घासून पॉलिश केल्या, तिचाच दांडा परत बसवला आणि टिंब दिलं. आणि हा दांडा एकतीस वर्षं चालला. जहाजावर चालला, स्वयंपाकघरात चालला, वादळातसुद्धा चालला असेल!

"अहो बाबा," ती मोठ्याने म्हणाली, "एक शब्द बोलला असतात तर काय जीभ झिजली असती का तुमची?" आणि मग भर दुपारी, दुकान उघडं असताना, ती रडली. चांगली हुंदके देऊन रडली. मग नाक पुसून तिने कागद पुन्हा वाचला. निकृष्ट? निकृष्ट बनावट? थांब म्हणावं, दाखवतेच तुला!

तिने लेथवरचं फडकं ओढलं.

गुरुवारी पहिला दांडा घडत आला आणि टोकाशी मोडला. शुक्रवारी सकाळी दुसरा अगदी नेटका झाला, चिमट्यात धरला आणि टुणकन उडाला. मावशी पाऊण तास गुडघ्यांवर, हातात लोहचुंबक, तोंडाने लेथपासून कंपनीपर्यंत सगळ्यांचा उद्धार. सापडल्या दोन टाचण्या आणि एक जुना स्क्रू. दांडा काही सापडला नाही. एक गिऱ्हाईक डोकावलं, तर खालूनच ओरडली, "पाय टाकू नका! आत माझा जीव पडलाय!" ते बिचारं पळून गेलं.

तिसऱ्याला मात्र तिने घाई केली नाही. हत्यार डाव्या हातात धरलं, श्वास धरला आणि चकतीच्या जागेशी आली तेव्हा हात ठाम राहिला. शुक्रवारी दिवेलागणीच्या आधी चाक बसलं. तिने किल्ली दिली. क्षणभर काही नाही. मग चाक थरथरलं, झुललं, आणि टिकटिक सुरू झाली. मावशीने टाळ्या वाजवल्या. एकटीनेच!

शनिवारी साडेअकराला भाचा आला. हातात नोकरीचा फॉर्म. "मावशी, सही कर, मला बाराच्या आत न्यायचाय."

"न्या की, कोटवाले. आधी एवढं एक घड्याळ तपासा. माझ्या म्हाताऱ्या डोळ्यांवर माझा विश्वास नाही."

त्याने घड्याळ बघितलं आणि तो चपापला. "हे तर... हे मी परत पाठवलं होतं. यात बनावट दांडा होता."

"होता ना. झाकणाच्या आतली खूण बघितली असतीस तर कळलं असतं. मीच घडवलेला, तू चालायला लागला असशील नसशील तेव्हा. निकृष्ट म्हणे! एकतीस वर्षं चालला, आणि मोडला तो पडून. आता दुसरा घातलाय. तोही माझाच. तपास."

भाच्याचे कान लाल झाले. तो बसला, घड्याळ मावशीच्या जुन्या तपासणी यंत्रावर ठेवलं. तोंड वर, तोंड खाली, उभं, आडवं. कागदाच्या पट्टीवर ठिपक्यांची रेघ उमटत गेली. त्याने पट्टी वर धरली, मग खिशातून स्वतःचं भिंग काढून दांडा बघितला. बराच वेळ बघितला.

"दिवसाला तीन सेकंद पुढे," तो म्हणाला. आवाज बदलला होता त्याचा.

"तुमच्याकडे किती चालतं?"

"पाच." त्याने भिंग काढलं. "मावशी, आमच्याकडे हे कुणाला येत नाही गं. आम्ही नुसतं बदलतो. मलाही येत नाही."

मावशीने झाकण उलटं करून त्याच्यापुढे ठेवलं. जुन्या चंद्रकोरीखाली नवी कोरली होती, खाली यंदाचं साल. शेजारी जागा मोकळी. तिने सुई पुढे केली.

"पसंत असेल तर दे. नसेल तर ते घड्याळ इथून जाणार नाही, रीत ठाऊक आहे तुला."

"मी कंपनीचा माणूस आहे, मावशी. बाहेरच्या कामाला माझी खूण..."

"नाव कुठे लिहायला सांगतेय? टिंब आहे ते. कुणाचं आहे ते मला माहीत, तुला माहीत."

भाच्याने रस्त्याकडे बघितलं. घड्याळात बाराला दहा मिनिटं होती. मग त्याने पांढरा कोट उतरवला, बाजूला टाकला, वाकून बसला आणि सुई टेकवली. मावशीने दिवा जवळ धरला. टिंब उमटलं. वडिलांच्या टिंबाएवढं खोल नव्हतं, पण होतं.

"आणि हा फॉर्म?" त्याने विचारलं.

मावशीने फॉर्म घेतला, त्याची चौकोनी घडी घातली आणि लेथच्या एका डुगडुगणाऱ्या पायाखाली सरकवली. लेथ स्थिर झाला.

"सोमवारी सुट्टी ना तुला?" ती म्हणाली. "दहाला ये. कोट घरी ठेव."