जलालभाईची गाठी कोण चाखणार?

दोन वर्षांच्या पोरीनं माझी जागा घेतली. अन् मी काही गप बसणारी बाई न्हाई, म्हणून सांगते.

वसमतला आमच्या गल्लीत समोरासमोर दोन दारं. एक माझं, एक जलालुद्दीनचं. सगळी गल्ली त्याला जलालभाई म्हणते. हा माणूस साखरेच्या गाठ्या करतो. होळीला लेकरांच्या गळ्यात घालतात अन् पाडव्याला गुढीला बांधतात, त्याच. बापाचा धंदा, आजाचे सागवानी साचे. दहा वर्षांचा असताना साच्यात दोरा लावायला बसला, साठी उलटली तरी उठला न्हाई. बोटं पाकानं अशी निबर झाली की चुलीवरची पातेली फडक्याबिगर उतरवतो. अन् अभिमान एकाच गोष्टीचा, त्याची गाठी आजवर कुणी परत आणली न्हाई.

आता गंमत ऐका. यंदा धरून तीन सालं झाली, पाडवा ऐन रमजानात येऊन राहिला. घरात सगळ्यांचे रोजे. मग माल चाखायचा कुणी? जिभेला लावून थुंकलं तर चालतं, असं म्हणणारे म्हणतात. पण जलालभाई म्हणायचा, "शक नको, भाभी," अन् बशीत एक गाठी घेऊन माझ्या दारात यायचा. मी तुकडा मोडायची, डोळे मिटायची, उगंच जरा वेळ लावायची. त्याचं अख्खं घर माझ्या तोंडाकडं बघत उभं! मी हो म्हटलं की माल बाजारात. खरं सांगू का, उभ्या जन्मात मला कुणी एवढं मोठं मानलं न्हाई.

अन् दिवाळीनंतर मला शुगर निघाली. माझा पोरगा नरसिंग भलता खमका. चहातली साखर काढली, गूळ लपवला, वर जलालभाईला सांगून आला, "काका, मायला गाठी दाखवायची बी न्हाई."

यंदा मी दारात बसून राहिले, बशी काही आली न्हाई. जलालभाईचा पोरगा मुजफ्फर हसत म्हणाला, "मौसी, आता खुशनुमा चाखते. घरात बिनरोज्याची तेवढी एकच."

खुशनुमा म्हणजे त्याची लेक, सव्वादोन वर्षांची. जिला चप्पल डावी कोणती अन् उजवी कोणती कळत न्हाई, ती माझ्या जागेवर! माझं डोकं असं फिरलं की मी धाडकन दार लावलं. गल्लीत नीट ऐकू गेलं नसंल म्हणून उघडून परत लावलं.

पण लेकराला कुठं रुसवेफुगवे कळतात? पाडव्याच्या आदल्या दिवशी दुपारी शेवटच्या कढईची घाई होती. मुजफ्फरची बायको उझ्मा, "मौसी, जरा सांभाळा," म्हणत पोरीला माझ्या अंगणात सोडून पळाली. मी गुढीची काठी धुवून राहिले होते. पोरगी आली तीच ठुमकत, गळ्यात ताजी गाठी. गुढीसाठी काढलेली कोरी साडी तिनं डोक्यावरून ओढून घेतली अन् "दादी, गुई! गुई!" करत अंगणभर नाचत सुटली. पुढचं काही दिसत न्हाई. काठीला धडकली, पडली, हसली, उठली, परत नाचली. साडीला साखर चिकटली, साखरेला माती. मी रुसले होते हे मीच विसरले. हसून हसून माझं पोट दुखलं.

नाच थांबला की ती गाठी चाटायची. चाटली की, "पानी." दिलं. परत चाटली, परत "पानी." चार पेले झाले. मी म्हटलं, ही काहून एवढं पाणी पिऊन राहिली? अन् चाटताना एक डोळा मिटून खांदे उडवायची. गोड खाऊन कुणी डोळा मिटतं व्हय? चिंच खाऊन मिटतात.

गाठी दिसायला पांढरीशुभ्र. समोर मुजफ्फर मोटरसायकलला खोकी बांधून राहिला होता, बाजारात गिऱ्हाईक खोळंबलेलं. इकडं ओसरीवर नरसिंग. चाखावी तर पोरगा बोंबलणार. न चाखावी तर उद्या जलालभाईच्या दारात गाठ्या परत घेऊन रांग लागणार. 

मोडला तुकडा, टाकला तोंडात. अगं माय माय! खारट! खारट अन् आंबट!

"माय, थुक ते!" नरसिंग ओरडला.

"थुकतेच हाय मेल्या, सरक!"

पोरगी काखेत, साडी मागं फरफटत, अशी मी रस्ता ओलांडून मुजफ्फरच्या गाडीपुढं उभी राहिले. "ठेव ती खोकी खाली! एक गाठी हलली तर तंगडं मोडीन!"

जलालभाई धावत बाहेर आला. मी म्हटलं, "मीठ हाय याच्यात!"

"पण खुशनुमानं तर दोनदा मागून घेतली, भाभी."

"तिला मिठाचा डबा दाखवला तर तो बी मागून घेईल!"

मग उलगडा झाला. पाकात थोडा लिंबाचा रस टाकतात. उझ्मानं इफ्तारच्या चण्यांसाठी लिंबू पिळून, मीठ कालवून वाटी ठेवली होती. रोज्यानं पेंगुळलेल्या मुजफ्फरनं तीच कढईत ओतली. "या अल्ला!" म्हणत उझ्मानं ओढणीत तोंड लपवलं, अन् बघते तर ती हसून राहिली. मग मुजफ्फर फुटला, मग मी. घसे कोरडे पडलेले, तरी हसणं थांबेना. जलालभाई तेवढा पायरीवर बसला.

"उठा आता," मी म्हटलं. "दोरे मी लावते."

इफ्तारच्या आधी नवा माल झाला. त्यातला कण नरसिंगच्या नाकावर टिच्चून मी चाखला, तवा गाडी हलली.

पाडव्याला सकाळी गुढी उभी केली. साखर लागलेल्या साडीचीच! खुशनुमा खाली उभी राहून गाठीसाठी उड्या मारून राहिली होती. जलालभाई आला. मी टोमणा मारलाच. "पुढल्या साली ईद आधी, पाडवा मागून. रोजे नसतील. तुमचे तुमी चाखा, माझी काय गरज?"

त्यानं आधी मागं वळून पाहिलं, घरातलं कुणी ऐकत तर न्हाई. मग म्हणाला, "भाभी, पाकाच्या वाफेत उमर गेली. मला गोड लागतच न्हाई. कैक सालं झाली. हलीमा चाखायची. ती गेली तवा कुणाला सांगू, कुणाला विचारू, कळंना. रोज्याचा बहाणा भेटला, म्हणून तुमच्या दारात आलो."

हलीमा त्याची बायको. माझी जिवाची मैत्रीण.

"हे सांगायला तीन सालं लागली व्हय तुमाला?" मी खेकसले, अन् रडायलाच लागले. खुशनुमानं उड्या थांबवल्या, माझ्याकडं पाहिलं, अन् गुढीच्या साडीचा पदर ओढून माझं नाक पुसलं. गुढी सगळी आमच्या अंगावर आली.