आईच्या घरी पाठवलेले खोटे पाहुणे

माझ्या कॉलेजच्या पर्यटन विभागानं माझ्या आईला फसवलं. दोन परीक्षक नवरा-बायको बनवून तिच्या घरी राहायला पाठवले, तिच्या हातचं खाल्लं, तिच्याकडून नको ते काढून घेतलं, आणि निघून गेले. ते नवरा-बायको नव्हते. पर्यटकही नव्हते. आईला हे आजही माहीत नाही.

मी कोणाकडून सहसा फसत नाही. बारावीनंतर इतवारी बाजारात भांड्यांच्या ठोक दुकानात उभा राहून मी भाव करायला शिकलो. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढतं तेव्हाच ते किती ताणणार आणि कुठं तुटणार हे मला कळायचं. त्याच कमाईवर पर्यटन आणि आतिथ्याच्या डिग्रीला प्रवेश घेतला. विद्यापीठाशी जोडलेलं खाजगी कॉलेज होतं. नाव लिहीत नाही, लिहिलं तर वकिलाची नोटीस येईल.

शेवटच्या वर्षी सगळ्यांना प्रत्यक्ष कामाचा अनुभव घ्यावा लागे. फाडफाड इंग्रजी बोलणारी पोरं विमानतळाजवळच्या हॉटेलात गेली. मला तिथल्या बाईनं दोन प्रश्न विचारले आणि "कळवतो" म्हणाली. दुसऱ्या हॉटेलात बॅन्क्वेट हॉलच्या मागं प्लेटा पुसायचं काम देत होते. प्लेटा मी इतवारीत भरपूर पुसल्या होत्या, त्यासाठी डिग्री कशाला? मी सरळ विभागप्रमुख सरांच्या खोलीत गेलो.

"सर, माझं घरच हॉटेल धरा," मी म्हणालो.

सर हसले. "काय बे, तुझ्या घरी स्विमिंग पूल आहे का?"

"वरची खोली आहे. वडलांचा हातमाग होता तिथं, आता रिकामी आहे. आई खानावळ चालवते. तुम्हीच शिकवता ना, पर्यटकाला लोकांच्या घरी राहायचं असतं म्हणून? मग मला होमस्टे काढू द्या. पोरं हॉटेलात चादरी बदलतील, मी धंदा उभा करून दाखवतो."

सरांनी खूप आढेवेढे घेतले. मी उठून निघायचं नाटक केलं, तेव्हा म्हणाले, "बस, बस. गरम होऊ नको." शेवटी ठरलं. घर माझं, देखरेख विभागाची. पहिले पाहुणे ते त्यांच्या ओळखीच्या ट्रॅव्हल एजंटाकडून पाठवणार होते. मला वाटलं, सौदा मीच जिंकला.

मी घर देऊ केलं होतं. आई देऊ केली नव्हती.

आमचं घर इतवारीच्या मागच्या गल्लीत आहे. वडील विणकर होते. ते गेले तसा मागही गेला, आणि आईनं खालच्या खोलीत झणझणीत सावजी जेवणाची खानावळ सुरू केली. शेजारपाजारचे हमाल, दुकानांतले नोकर, टेम्पोवाले असं तिचं गिऱ्हाईक. आई मसाला स्वतः भाजायची, आणि रस्सा उकळला की पळीतला थेंब तळहातावर घेऊन जिभेला लावायची. डोळे मिटायची. मग म्हणायची, "झाला." ती "झाला" म्हणेपर्यंत कोणाच्या पानात काही पडत नसे. वाटलं तर पुन्हा मिरची, पुन्हा मीठ, पुन्हा थेंब.

वरची खोली आम्ही चुन्यानं रंगवली. मी नवीन गाद्या भांडून आणल्या. आईनं पडद्यांना स्वतः शिवण घातली. "पाहुणे पुण्याचे हायत म्हन्ते, त्याहिले आपलं तिखट सोसन का रे?" एवढीच तिला काळजी होती.

पाहुणे आले ते थंडीत. तो चाळिशीचा, मितभाषी, चष्मेवाला. ती त्याच्याहून लहान, सुती साडी, गळ्यात मंगळसूत्र. मी त्यांना महाल या जुन्या वस्तीतून फिरवलं, दुपारी कामठीला विणकामाचे कारखाने दाखवायला नेलं. तो प्रत्येक गोष्टीचे फोटो काढायचा. न्हाणीघराचेही काढले. मला वाटलं, पुण्याचे लोक, असतील चिकित्सक.

बाई मात्र घराबाहेर फारशी पडेना. दुसऱ्या दिवशी डोकं दुखतं म्हणून राहिली, आणि स्वयंपाकघरात आईजवळ पाटावर बसली. मी आत-बाहेर करत होतो, तेव्हा कानावर पडलं.

"लग्नाला बरीच वर्षं झाली हो काकू. सगळे डॉक्टर झाले. एकदा राहिलं होतं, ते पण गेलं. घरात कोणी बोलत नाही आता माझ्याशी."

"अवं माय," आई म्हणाली. कांदा चिरायचा तिचा हात थांबला. "असं नको म्हणू. रडू नको वं. पाह्य, मले पाह्य इकडे."

तेवढ्यात बाहेरून टेम्पोवाला ओरडला, "मावशी, डबा झाला का गा, का आमाले उपाशी मारता?" आईनं त्याला बसल्या जागेवरून सुनावलं, "मरत नाही तू येवढ्यानं, बस तठी!" आणि मला म्हणाली, "तू जाय, त्याले वाढ." मी गेलो. परत आलो तर दार लोटलेलं होतं, आणि आतून आईचा आवाज येत होता, हळू, बराच वेळ. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. ऐकायचा प्रयत्नही केला नाही. बायकांचं बोलणं आहे, असंच वाटलं.

निघायच्या सकाळी आईनं तिची ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ. मी त्यांची बॅग घेऊन जिन्याखाली उभा होतो. आई तिचे दोन्ही हात धरून म्हणाली, "मी कोराडीच्या देवीले बोलली हाव. तुह्या मांडीवर लेकरू येईन तोवर मी तिखट तोंडात घेनार नाही. थेंबभर नाही. बातमी आली का मले कळव, मंगच जीभ लावीन."

बाई घाबरली. मी तिचा चेहरा पाहिला आहे. "अहो काकू, नका. असं काही करू नका," ती म्हणाली.

"झालं आता. बोलून झालं," आई हसली.

बाईनं चष्मेवाल्याकडं पाहिलं. त्यानं घड्याळाकडं पाहिलं. त्या क्षणी तिला खरं सांगता आलं असतं. तोंड उघडायला किती वेळ लागतो? ती ओटी पदरात घेऊन रिक्षात बसली.

मी खूश होतो. असे पाहुणे चार लोकांना सांगतील, असा माझा हिशेब.

मग आमच्या कामाची तोंडी परीक्षा झाली. सगळा वर्ग बसलेला, हॉटेलात गेलेली पोरं कोट घालून. माझा नंबर आला, मी पुढं गेलो, आणि समोरच्या टेबलामागं चष्मेवाला बसलेला. शेजारी ती बाई. गळ्यात मंगळसूत्र नव्हतं.

मला आधी वाटलं, योगायोग. मी चक्क नमस्कार करून विचारलं, "ताई, तुम्ही इथं कशा?" वर्ग हसला.

सरांनी खुलासा केला. मोठी हॉटेलं अशी माणसं ठेवतात. ती साध्या पाहुण्यासारखी येऊन राहतात आणि सेवा तपासून जातात. विभागानं तीच पद्धत वापरली होती. बाई पुण्याच्या एका संस्थेत शिकवायच्या. चष्मेवाला त्यांच्याच संस्थेतला सहकारी. दोघांना कोणी कसं वागायचं ते आधीच ठरवून दिलेलं होतं. अवघड पाहुणा आला तर यजमान काय करतो, हे पाहायचं होतं.

चष्मेवाल्यानं न्हाणीघराबद्दल सांगितलं, पडद्यांचं कौतुक केलं. मग बाईंची पाळी आली. त्या माझ्याकडं न पाहता बोलल्या.

"जेवण उत्तम. आपुलकी खूप. पण यजमान बाईंनी व्यावसायिक अंतर राखलं नाही. पाहुणी दुःखी आहे म्हटल्यावर तिला विश्रांती द्यायची, एकांत द्यायचा. त्याऐवजी त्यांनी स्वतःचंच सांगायला सुरुवात केली. त्यांची पहिली मुलगी तीन महिन्यांची असताना गेली, तिला त्या कशा घेऊन बसल्या होत्या, कोणी हातातून काढून घ्यायला धजेना... हे पाहुण्याला ऐकवायचं नसतं. इथं गुण कमी झाले."

माझी मोठी बहीण होती, हे मला त्या खोलीत कळलं. पन्नास पोरांच्या समोर, गुण कमी होण्याचं कारण म्हणून. आईनं मला कधी सांगितलं नव्हतं. वडलांनी सांगितलं नव्हतं. त्या बाईला सांगितलं, कारण तिला वाटलं समोर बसलेली तिच्यासारखीच आहे.

मी टेबलाला लाथ मारली. पाण्याचा ग्लास चष्मेवाल्याच्या मांडीवर गेला.

"नवसाचं काहून नाही सांगत?" मी बाईंना विचारलं. "तिनं तुमच्यासाठी तिखट सोडलं, ते कोणत्या खात्यात धरलं?"

"तो एक एक्झरसाइज होता," त्या म्हणाल्या. आवाज कापत होता, हे मी कबूल करतो. "मी त्यांना नको म्हटलं होतं."

"काहून तमाशा करून राहिला बे?" सर उठले. "बाहेर चल."

बाहेर व्हरांड्यात सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी झटकला. "हे बघ," ते म्हणाले, "गुणांचं मी पाहून घेतो. पहिल्या श्रेणीत बसवतो. तू शहाणा पोरगा आहेस, धंदा करणार आहेस. विषय इथंच सोड."

"गुण कोण मागून राहिलं? त्या बाईला घेऊन घरी चला. आईसमोर बसून सांगा."

"काय सांगायचं?"

"जे आता वर्गाला सांगितलं ते."

सर हसले नाहीत, पण हसू आवरलं हे मला दिसलं. "अरे, म्हातारी बाई आहे. आज ना उद्या विसरून जाईल."

डिग्री मी घेतली. का घेऊ नये? कष्ट माझे होते. आता माझ्या दोन गाड्या आहेत. स्टेशनवरून पर्यटक उचलतो आणि जंगलाच्या फाटकापर्यंत नेतो. भाव कोणी पाडून मागितला तर भांडतो. वरची खोली बंद आहे. होमस्टे म्हटलं की मला त्या पदरातला नारळ दिसतो.

आई विसरली नाही. ती साधं वरण, दहीभात खाते, ताटात मिरची ठेवत नाही. खानावळ मात्र सावजी आहे, तिथं तिखटाशिवाय काही नाही. म्हणजे ती आता चव न घेता रांधते. पळी वर उचलते, वास घेते, रंग पाहते. तळहातावर थेंब घेत नाही. सुरुवातीला हाताच्या सवयीवर निभावलं. पण मिरची दर खेपेला वेगळी येते, मसाला कधी जास्त भाजतो. कधी रस्सा खारट, कधी कडू. टेम्पोवाले काही दिवस गप्प बसले, मग चेष्टा करू लागले, "मावशी, आज मीठ फुकट होतं का गा?" मग येईनासे झाले. मी घरी असलो तर मला बोलावते, "इकडे ये, थोडं तोंडात घेऊन सांग." मी सांगतो. मला तिच्यासारखं कळत नाही, हे तिला कळतं. तरी ती मान हलवते आणि मी म्हणेन तेवढंच मीठ घालते.

मी तिला म्हणालो, "आई, सोड आता तो नवस."

"कसा सोडू रे? तिचं लेकरू अडकलं हाय त्यात." मग थोड्या वेळानं, भांडी लावता लावता, "त्या पुन्याच्या पोरीचा काई फोन?"

दर महिन्या-दोन महिन्यांनी ती हे विचारते. मी "नाही" म्हणतो. ती देवाच्या फळीकडं पाहते आणि कामाला लागते.

मागच्या उन्हाळ्यात मी सरांना पुन्हा फोन केला. आढेवेढे न घेता सांगितलं, आईची खानावळ बसत चालली आहे, त्या बाईंना येऊ द्या. सरांना आठवायलाच वेळ लागला. मग म्हणाले, "अरे, साधं आहे. सांगून टाक ना, मुलगा झाला म्हणून. पेढे आण. खतम विषय."

मी फोन ठेवला. खोटं बोलायला मला अडचण नाही, धंद्यात रोज थोडं बोलतो. पण आई पेढे खाऊन थांबणार नाही. ती कोराडीला जाईल, देवीसमोर त्या मुलाचं नाव घेईल, बाळाला झबलं शिवेल आणि मला पत्ता मागेल. आणि खरं सांगितलं तर? तिनं आयुष्यात एकदाच आपल्या गेलेल्या मुलीबद्दल कोणाजवळ तोंड उघडलं. ते ऐकणारी बाई पाटावर बसून तिला तपासत होती, हे मी तिला सांगू? हे काम माझं नाही. मी केलेलं नाही.

ज्यांनी केलं त्यांनी यावं. बाई, तुम्ही अजून पुण्यात शिकवता, मी चौकशी केली आहे. सर, तुम्ही अजून त्याच खोलीत बसता. पत्ता तुम्हाला माहीत आहे, रिक्षावाल्याला इतवारीचा भांडेबाजार म्हणा, तिथून कोणीही आणून सोडेल. त्याच स्वयंपाकघरात बसा आणि माझ्या आईला तुमच्या तोंडानं सांगा की तुम्ही कोण होता, कशाला आला होता, आणि तिनं आता तिखट कधी खायचं. ती रडेल, ओरडेल किंवा नुसती बघत राहील. जे करेल ते तुम्ही समोर बसून सोसा. माझ्याशी भाव करू नका. कधी येता ते सांगा.