एल्मकोटच्या हिरवळीतला खंदक

फेब्रुवारीत आमचं ट्रूप बॅरॅक्समध्ये होतं. शनिवार-रविवारची सुट्टी मंजूर झाली होती आणि मी स्लाऊला आईबाबांकडे जाणार होते. शुक्रवारी दुपारी सुट्टी रद्द झाली. साउथहॅम्प्टनच्या उत्तरेला नदीने काठ सोडला होता आणि काउन्सिलने आर्मीची मदत मागितली होती. आम्ही इंजिनियर्स, म्हणजे पूल बांधणारे, पाणी ओलांडून देणारे शिपाई. आम्हाला सॅपर म्हणतात.

आमचा सेक्शन कमांडर होता कॉर्पोरल गॅरेथ प्राइस. वेल्सचा, उंच, हळू बोलणारा. सॅपर डंकन ग्लासगोचा. त्याचं तोंड झोपेतही बंद नसायचं. मी सॅपर केळकर. सगळे मला केल म्हणायचे. मी फार बोलत नसे, आणि डंकनच्या शेजारी बसलेल्या माणसाला बोलायची गरजही पडत नसे.

ब्रीफिंग छोटं होतं. एल्मकोट नावाचं केअर होम. जुनं मॅनर हाउस. एकोणीस रहिवासी, बहुतेकांना डिमेन्शिया. तळमजल्यात पाणी शिरलं आहे. पुढचा ड्राइव्ह, म्हणजे दारापर्यंतचा रस्ता, नदीला लागून आहे, तिथे प्रवाह जोरात आहे, त्यामुळे अँब्युलन्स जात नाही. मागच्या लेनपर्यंत आमचे ट्रक जातील. घर आणि लेनच्या मधे हिरवळ आहे, तिच्यावर गुडघाभर पाणी.

“हिरवळ,” डंकन म्हणाला. “आई विचारेल, युद्धावर गेलास का? सांगेन, हो, लॉनवर.”

अशी घरं मी इंग्लंडमध्ये पुष्कळ पाहिली आहेत. आर्मीत असताना तर त्यांतच राहिले आहे, कारण आर्मीला अशा घरांची सवय आहे. एल्मकोट एका साखरेच्या व्यापाऱ्याने बांधलं. पहिल्या महायुद्धात तिथे जखमी अधिकारी ठेवले. दुसऱ्या युद्धात आर्मीने ते ताब्यात घेतलं. मग बोर्डिंग स्कूल झालं, मग हॉस्पिटल, मग केअर होम. प्रत्येकाने आधीच्याचं थोडं काढलं, थोडं तसंच ठेवलं. एका दारावर जुन्या पांढऱ्या रंगात लिहिलेलं होतं, फक्त एनसीओंसाठी, म्हणजे कॉर्पोरल-सार्जंटांसाठी.

“कॉर्पोरल, हे दार तुमचं,” डंकन म्हणाला.

प्राइसने दार उघडलं. आत झाडू, बादल्या आणि खांद्याएवढ्या उंचीवर रांगेने खुंट्या. शाळेतल्या मुलांचे कोट टांगायच्या. त्याने दार लावलं. “घ्या, रँकचा फायदा,” म्हणाला.

पण त्याआधी हिरवळ ओलांडायची होती. आमची पद्धत ठरलेली असते. पुढचा माणूस लांब काठीने जमीन तपासतो. बाकीचे मागून हवा भरलेली बोट ओढतात. मोटर लावत नाही, उथळ पाण्यात ती रुतते. प्राइस पुढे होता. ठक, ठक, ठक. अर्ध्या हिरवळीत काठीला काही लागलंच नाही. काठी आत गेली आणि प्राइसचा हातही कोपरापर्यंत पाण्यात गेला.

तिथे खंदक होता. अशा घरांना तो असतोच. घराच्या खिडकीतून बघणाऱ्याला हिरवळ थेट कुरणापर्यंत सलग दिसावी, पण गुरं आत येऊ नयेत, म्हणून कुंपणाऐवजी जमिनीतच एक खोल चर खणून एका बाजूला भिंत बांधतात. इंग्रज त्याला हा-हा म्हणतात. चहा पिताना कुंपण दिसू नये एवढ्यासाठी केलेली सोय. त्या दिवशी तो पुराच्या पाण्याखाली होता आणि वरून काहीच कळत नव्हतं.

प्राइसने काठी चालवत एक जागा शोधली. पूर्वी बागेतली वाट जिथून जायची, तिथे खंदकावर मातीचा बांध होता. दोन माणसं शेजारी चालतील एवढा रुंद. दोन्ही कडांना आम्ही लोखंडी खुंट ठोकले आणि पांढरी टेप बांधली.

“टेपच्या आत जमीन,” प्राइस म्हणाला. “टेपच्या बाहेर वेल्स. तिकडे घर माझं आहे, तुम्ही येऊ नका.”

दुपारपर्यंत आम्ही अठरा जण बाहेर काढले. एक बाई सगळ्या वाटेत डंकनला आपला धाकटा भाऊ समजून झापत होती. तो निमूट ऐकत होता. तेवढाच तो गप्प बसलेला मी पाहिला.

राहिले एक. वरच्या मजल्यावरचे डॉक्टर सबनीस.

केअर होमची मॅनेजर म्हणाली, “ते कोणाचंच ऐकत नाहीत. इंग्लिश जवळजवळ गेलंय त्यांचं. काय बोलतात ते आम्हाला कळत नाही.”

ते जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले होते. अंगात कार्डिगन, पायात चकचकीत पॉलिश केलेले बूट. दोन्ही हातांनी कठडा धरलेला. प्राइसने हात पुढे केला तर त्यांनी मराठीत सांगितलं, “मी इथला रेसिडेंट आहे. हात लावू नका.”

हे मराठी आहे हे कळायला मला एक क्षण लागला. आर्मीत मी मराठी कधीच बोलले नव्हते. घरचा फोनसुद्धा बाहेर जाऊन घ्यायची.

मी म्हटलं, “डॉक्टर, पाणी चढतंय. खाली बोट आहे. चला ना.”

त्यांनी माझ्या युनिफॉर्मकडे पाहिलं. “सिस्टर, वॉर्ड रिकामा झाला का?”

“हो. सगळे बाहेर गेले.”

“तुम्ही पाहिलं?”

“हो.”

“मी नाही पाहिलं. राउंड घेतल्याशिवाय मी वॉर्ड सोडत नाही.”

मॅनेजरने सांगितलं तेव्हा उलगडा झाला. एल्मकोट हॉस्पिटल असताना हे तिथे तरुण डॉक्टर होते. भारतातून आल्यावर पहिली नोकरी. त्यांना ठेवायची वेळ आली तेव्हा मुलीने मुद्दाम हेच होम निवडलं. ओळखीची जागा आहे, त्यांना बरं वाटेल म्हणून. ओळखीची जागा होतीच. फक्त त्यांच्या लेखी ते अजून ड्यूटीवर होते.

मी प्राइसला सांगितलं. डंकन म्हणाला, “चौघे लागलो तर उचलून नेऊ. दोन मिनिटं.”

प्राइस त्या म्हाताऱ्या हातांकडे बघत होता. बोटांची पेरं पांढरी पडली होती.

“राउंड किती वेळाचा?” त्याने मला विचारलं.

“खोल्या दहा-बारा आहेत, कॉर्पोरल.”

त्याने कंट्रोलला कळवायला रेडिओ उचलला. “झीरो, धिस इज टू वन. एक कॅज्युअल्टी शिल्लक. पंधरा मिनिटं उशीर. ओव्हर.”

“टू वन, कारण? ओव्हर.”

“चालायला तयार होतोय. ओव्हर.”

मग तो मला म्हणाला, “चल म्हणायला काय म्हणता?”

“चला.”

“चला, डॉक्टर,” प्राइस म्हणाला.

डॉक्टर उठले. पुढे ते, शेजारी प्राइस, मागे मी. प्रत्येक दार प्राइस उघडायचा. डॉक्टर आत जायचे, रिकाम्या पलंगापाशी थांबायचे, उशीवर हात ठेवायचे. काही ठिकाणी पेशंटचं नाव सांगायचे. मिस्टर अमुक, छातीत पाणी. मिसेस तमुक, आज बरी आहे. मी इंग्लिशमध्ये सांगायची. प्राइस मान हलवायचा, जणू हँडओव्हर घेतोय. एकाही खोलीत त्याने घाई केली नाही. शेवटच्या खोलीत डॉक्टरांनी खिडकीची कडी लावली, कार्डिगन ठीक केलं आणि जिन्याकडे वळले. आमचा हात न धरता उतरले.

बाहेर पाणी मांडीपर्यंत आलं होतं. प्रवाहाच्या खालच्या कडेचा एक खुंट उखडला होता आणि टेप पाण्यावर आडवी पडली होती.

“टेपकडे बघू नका. काठीवर चाला,” प्राइस म्हणाला.

काठी त्याने डंकनला दिली आणि स्वतः बोटीच्या खालच्या अंगाला उभा राहिला, प्रवाहाने बोट ढकलली तर अडवायला. डॉक्टर बोटीत. मी मागे. डंकनने बांध शोधला. आम्ही अर्ध्यावर होतो.

होमच्या बागेतलं लाकडी बाकडं तरंगत आलं. मी ते पाहिलं आणि ओरडले, पण तोवर ते बोटीवर आदळलं होतं. बोट प्राइसवर गेली. प्राइस बांधावरून खंदकात.

लाइफजॅकेटमुळे तो लगेच वर आला. डोकं आणि खांदे पाण्याबाहेर.

“मी ठीक आहे. बोट न्या.”

डंकनने त्याची कॉलर धरली आणि ओढली. प्राइस हलला नाही.

“पायात काहीतरी आहे. तार आहे.”

ती टेनिस कोर्टाची जाळी होती. शाळा गेली तेव्हा कोणीतरी गुंडाळून खंदकात टाकली होती. मग त्यावर गवत आलं. हे आम्हाला पाणी उतरल्यावर कळलं.

“केल, बोट ने. कटर घेऊन ये. हा हुकूम आहे.”

मी एकटीने बोट ओढली. बोटीत डॉक्टर मागे वळून बघत होते.

“सिस्टर, पेशंट मागे राहिला.”

मी बोट ओढत राहिले.

“सिस्टर, अहो, एक पेशंट मागे राहिला.”

लेनपाशी आमच्या सेक्शनमधल्या दोघांनी बोट धरली. मी ट्रकमधून कटर घेतला आणि दोन जणांबरोबर परत निघाले. त्या पाण्यात पळता येत नाही. प्रवाहाने प्राइसला पुढे वाकवलं होतं. पाय खाली अडकलेले, पाठीवर सगळं पाणी, आणि तोंड पुन्हा पुन्हा पाण्याखाली जात होतं. डंकन छातीपर्यंत पाण्यात उतरून दोन्ही हातांनी त्याचं डोकं वर धरून होता आणि बोलत होता, सतत बोलत होता. जाळी तोडायला वेळ लागला. प्राइसला बाहेर काढलं तेव्हा त्याचा श्वास थांबला होता. डंकन अजून बोलत होता.

चौकशीत एका मेजरने मला विचारलं, “तो राउंड आवश्यक होता का? तुमचं मत सांगा.”

मी म्हटलं, “यस सर.”

“बळाने उचलून नेणं शक्य होतं?”

“शक्य होतं, सर.”

“मग?”

त्या पंधरा मिनिटांत पाणी किती चढलं, मला माहीत आहे. कठड्यावरची ती बोटंही मी पाहिली होती. एखाद्या दिवशी मी एका बाजूला असते, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या. बस चुकली तरी हा हिशोब सुरू होतो. आर्मी सोडल्यावर थांबेल असं वाटलं होतं.

डॉक्टर त्याच वर्षी पानगळीच्या दिवसांत साउथहॅम्प्टनच्या एका होममध्ये वारले. पूर त्यांच्या लक्षात नव्हता. मी भेटायला जायची. मला ते सिस्टरच म्हणायचे. कोणी मागे राहिल्याचं पुन्हा कधी बोलले नाहीत.

केअर होम पुन्हा उघडलं नाही. एल्मकोट आता लग्नाचं ठिकाण आहे. खंदक साफ करून त्याच्या भिंतीवर दिवे लावले आहेत. प्राइसच्या बायकोने, शानने, तिथे एक छोटी पाटी लावायची परवानगी मागितली होती. नव्या मालकांनी सभ्यपणे नाही सांगितलं. पाहुण्यांना बरं वाटणार नाही म्हणाले. यायला मात्र मनाई नाही. म्हणून दर फेब्रुवारीत शान, डंकन आणि मी जातो.

यंदा गेलो तेव्हा लग्न होतं. आम्ही बांधाजवळ उभे होतो. शान मला दरवेळी राउंडबद्दल विचारते, आणि मी खोली खोली करून सांगते. पाचव्या-सहाव्या खोलीपर्यंत आलो असू, तेवढ्यात फोटोग्राफर धावत आला.

“सॉरी, जरा बाजूला व्हाल? तुम्ही फ्रेममध्ये येताय.”

मागे नवरा-नवरी थंडीत कुडकुडत उभी होती. मला नेहमीप्रमाणे सरकायचंच होतं. डंकन आता पार्सलची व्हॅन चालवतो, त्याच जॅकेटमध्ये आला होता. तो काहीतरी बोलणार होता, पण शानच आधी बोलली.

“पाच मिनिटं,” ती म्हणाली. “आमचं अजून झालेलं नाही.”

फोटोग्राफरने आमच्याकडे पाहिलं, मग हातातल्या घड्याळाकडे. उजेड चालला होता. तो परत गेला आणि त्याने फोटो काढायला सुरुवात केली.

मी उरलेल्या खोल्या सांगितल्या. डंकन सावधानमध्ये उभा राहिला. कोणाच्या तरी लग्नाच्या फोटोत, मागे कडेला, आम्ही तिघं पाठमोरे असू. कॉर्पोरल गॅरेथ प्राइस गेला ती जागा आमच्या पायांपासून हातभर अंतरावर आहे. तीही त्यात आली असेल.