खर्रेवाल्याचा पाय

माहा भाऊ हिरालाल लाखांदूरच्या बसस्टँडवर पानठेला चालवते. लोकायसाठी तंबाखू-सुपारी-चुन्याचा खर्रा घोटू घोटू त्याच्या हाताले घट्टे पडले, पन कोनी त्याच्या खर्र्याची तारीफ केली का हा फुलून जाते. मी त्याची मोठी बहीन, मंगला. त्याच्यापायी माह्या डोक्याले जनमभराचा ताप आहे.

औंदा धानाच्या बोऱ्यायची ट्रॉली मागं घेता घेता ठेल्याले भिडली अन् मधात सापडला याचा डावा पाय. नडगीवरचं कातडं, मांस निघून हाड उघडं पडलं. भंडाऱ्याच्या दवाखान्यात डॉक्टरीनबाईनं त्याच्याच पोटरीचं मांस, रक्ताची नळी न तोडता, फिरवून त्या हाडावर बसवलं. मले बाजूले घेऊन त्या म्हनाल्या, "हा तुकडा जगला तर पाय राहील. तंबाखूनं रक्ताच्या नळ्या आवळतात, तुकडा काळा पडतो. मग पाय कापावा लागेल. तंबाखूचा कणही तोंडात जाऊ देऊ नका."

आता सांगा, खर्रेवाल्याले भेटाले येनारे लोकं काय आनतीन? केळं? आमच्याकडं समोर केलेल्या खर्र्याले नाही म्हनलं तर मानूस रुसते. जो येते तो खर्र्याची पन्नी घेऊनच येते. शेजारच्या भोजराजनं तर बिस्किटाच्या पुड्यात लपवून आनला. मले म्हने, "ताई, त्याच्या तोंडाले चव नसन ना." म्हनलं, "तुह्या पायाचं हाड उघडं पडू दे, मंग पाहू तुही चव."

शेवटी मी वार्डाच्या दारातच स्टूल टाकला. येईन त्याचे खिसे, थैल्या, जेवनाचे डबे, साऱ्याची झडती. बाया हसल्या. हसू द्या. आंघोळीले गेली तरी शेजारच्या पेशंटच्या बायकोले दारात बसवून जाओ. तरी जो ये तो पन्नी लपवून आनेच; पालथ्या घड्यावर पानी, दुसरं काय. हिरालाल पलंगावरून मलेच म्हने, "ताई, इज्जत गेली ना माही."

"इज्जतीवर उभा राहशीन का?" मी म्हनलं.

आमची माय, देवकाबाई, तेवढी रातदिवस त्याच्या उशाशी बसून राहे. कानानं बहिरीच आहे ती. डॉक्टरीनबाई काय सांगून गेल्या, ते तिच्या कानात कुठून जाईन? ते आपली पोराच्या कपाळावरून हात फिरवे.

एका सकाळी पट्टी सोडली तर तुकड्याची कड जांभळी. डॉक्टरीनबाईचा चेहरा उतरला. "तंबाखू खाल्ली का?"

मी हिरालालचा जबडाच धरला. गालाच्या आतून चुना लागलेला, तंबाखूचा भपकारा. "कोनं देल्ला रे?"

"मीच मागवला."

"कोनाच्या हातून? दारात तर मी बसली होती."

त्यानं मान फिरवली.

"काय झालं वो?" माय विचारून राहिली. मी वरडली, "तंबाखूनं पाय सडून राहिला, माय. आता कापतीन." साऱ्या वार्डानं ऐकलं. माय गपकन बसली.

डॉक्टरीनबाईनं तुकड्याच्या मधात सुई टोचली. लालभडक रक्ताचा थेंब वर आला. "मधला भाग जिवंत आहे," त्या म्हनाल्या. "कड काढावी लागेल. पाय वाचेल, पण आता पुन्हा चूक नको." मी तिथंच फरशीवर बसून रडली. इतके दिवस रडाले टाईम नव्हता.

माय हळूच उठली. नवरी होऊन आली तवापासून तिच्या कमरेले तंबाखूची चंची आहे. ते तिनं सोडली अन् माह्या हातात ठेवली.

"पोरगं कन्हून राहिलं होतं वो. म्हनलं, चिमूटभर तंबाखूनं दुखनं मरते. मले नाही म्हनलं नाही त्यानं." तिच्या डोळ्यातून पानी गळून राहिलं होतं. "साऱ्या गावाची झडती घेतली तुनं, मंगला. माही काहून नाही घेतली?"