न बसणारी गाडी

सॅमची ती पांढरी, ढोल्या पोटाची गाडी तिसगावच्या अंगणात येऊन उभी राहिली की मरियाला मळमळून यायचं. दोष गाडीचा नव्हता. आरशाला टांगलेल्या त्या मोगऱ्याच्या अत्तराचाही नव्हता, जरी ते डोकं उठवायचं. दोष होता त्यानंतर अंगणात जो लुटीचा कार्यक्रम चालायचा त्याचा. तो बघून बघून बाईला अगदी वीट आला होता.

सॅम म्हणजे मरियाचा धाकटा दीर, पुण्यात चांगल्या हुद्द्यावर. ती नेवाशाहून लग्न होऊन आली तेव्हा हा शेंबडा पोरगा चौथीत होता. त्याचे डबे तिनं भरले. सासूचं लांबलेलं दुखणं तिनं काढलं, अंगणवाडीतली पोरं सांभाळली, नाताळात अख्ख्या चर्चच्या जेवणाची पातेली घासली, आणि एवढ्या वर्षांत तिला कुणी निवांत खाली बसलेलं पाहिलं नाही. घरात एक वाक्यच रुळलं होतं : मरियाला चालतं. शिळी भाकरी मरियाला चालते. बिनपंख्याची खोली मरियाला चालते. बरं, तिला विचारलं होतं कुणी? छे! बाई कुरकुर करत नाही ना, मग झालं!

सॅमची आधीची छोटी गाडी तशी शहाणी होती. तीन पोती टाकली की तिचा मागचा भाग खाली जायचा. गावात याला 'गाडी बसली' म्हणतात, आणि गाडी बसली की भरणाऱ्याचा हात आपोआप थांबतो. वजनकाटा लागत नाही, डोळ्यालाच दिसतं. ही नवी, म्हणजे सेकंडहँड पण परदेशी गाडी आली आणि ते माप मोडीतच निघालं.

"दादा, ही मागून बसत नाही," सॅमनं पहिल्याच फेरीला थॉमसला, म्हणजे मरियाच्या नवऱ्याला, सांगितलं होतं. "म्हणजे भरताना बसते, पण चालायला लागली की आपोआप उठते. मागच्या शॉकअपच्या आतच पंप आहे. चाक खड्ड्यात आपटलं की त्या हलण्यावरच तो तेल दाबतो आणि मागची बाजू वर उचलतो. बटण नाही, काही नाही. एखाद-दोन किलोमीटरमध्ये गाडी सरळ!"

"मंग आपल्या रस्त्यावर तर लवकरच उठत आसंल," थॉमस म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर हसला.

"विकणारा म्हणत होता, वजन ठरलेलंच घाला, ही फक्त पातळी राखते, ताकद वाढवत नाही. ते काय, म्हणायचं म्हणून म्हणतात."

झालं. तेव्हापासून या भावांनी जी पद्धत काढली ती बघून कुणाच्याही अंगावर शहारे यावेत. पोती भरायची. गाडी बसली की सॅम फाट्यापर्यंत चक्कर मारून यायचा. गाडी टुमकन उठून परत यायची, की पुन्हा भरायला सुरुवात! बाजरी, तूर, कांदे, शेंगा, लोणच्याची बरणी. हे काय पोटाला लागत होतं म्हणून? नाही हो! पुण्यातल्या साहेबाला 'आमच्या गावची बाजरी' म्हणून मिरवत द्यायला. पोती उचलणार थॉमस आणि मरिया. सॅम किल्ली फिरवत उभा, आणि त्याची बायको आराधना नाकाला रुमाल लावून गाडीत.

त्या दिवशी मात्र मरियाचा जीव दुसरीकडेच होता. तिची लेक एंजेला नगरच्या दवाखान्यात होती. बाळ पायाळू, म्हणून दुपारी चारला ऑपरेशन ठरलेलं. पोरगी भित्री. "आई, मला आत नेण्याच्या आधी तू ये," एवढंच तिनं फोनवर रडत रडत मागितलं होतं. मरिया सकाळच्याच एसटीनं निघणार होती. पण सॅम म्हणाला, "वहिनी, एसटीचे धक्के कशाला? मी नगरवरूनच जाणार. सोडतो की." त्या शब्दावर तिनं एसटी सोडली, आणि आता दुपार कलली तरी गाडी अंगणातच.

डिंकाच्या लाडवांचा डबा तिनं सकाळीच डिकीत ठेवला होता. त्याच्यावर आता कांद्याची पोती चढली होती. सॅम दुसरी चक्कर मारून आला. गाडी मागून अगदी सरळ, कोण म्हणेल हिच्या पोटात एवढं आहे म्हणून! मरियाची नजर मात्र खाली गेली.

"भावजी, मागची टायरं बघा. पोट सुटल्यावानी दिसत्यात."

"वहिनी, गाडी लेव्हलमध्ये आहे ना? मग! दादा, ते तुरीचं पोतंही येऊ दे."

"अवं, नका," मरिया नवऱ्याला म्हणाली. "तिकडं पोरगी वाट बघतीय."

"व्हईल गं. गाडीला चालतंय म्हन्तोय ना त्यो," थॉमस म्हणाला आणि पोतं उचललं. स्वतः तो संध्याकाळी मोटारसायकलवर येणार होता, गाडीत जागाच कुठं होती? मागच्या सीटवरही दोन पोती आली. उरलेल्या वीतभर फटीत मरिया अंग चोरून, बाळाच्या दुपट्यांचं गाठोडं छातीशी धरून कोंबली गेली. आराधना पुढून म्हणाली, "ताईंना काय, चालतं." मरियाला त्या मोगऱ्याच्या वासानं उमासा आला. की त्या वाक्यानं, कुणास ठाऊक.

करंजी गेलं आणि जावयाचा, इमॅन्युएलचा फोन आला. "आई, कुठवर आलात? ती सारखी दाराकडं बघतीय." "आले, आले," मरिया म्हणाली, आणि घाटातल्या वळणावर फाडकन आवाज झाला. गाडी शेपूट हलवावी तशी मागून हलली, कठड्याला घासत गेली आणि थांबली. कुणाला काही लागलं नाही, ही देवाची कृपा. मागचं टायर चिंध्या होऊन लोंबत होतं. एका कुशीवर कललेली ती गाडी आता कुठल्याही पंपानं उठणार नव्हती.

सॅमनं डिकी उघडली आणि त्याचा चेहरा पडला. स्टेपनी सगळ्या पोत्यांच्या खाली होती. त्यानं घड्याळाकडे पाहिलं नाही, पुतणीचं नाव काढलं नाही. म्हणाला काय, तर : "वहिनी, जरा हात लावा. ही पोती उतरवू. तुम्हाला सवय आहे. आराधनाची कंबर दुखते."

मरियानं त्याच्याकडे पाहिलं. शेंबडा होता तेव्हा बरा होता हा! थुंकावंसं वाटलं तिला, पण ती तशातली नव्हती. ती गेली आणि रस्त्याकडेच्या कठड्यावर सरळ बसली.

"वहिनी?"

"गाडी बसली ना भावजी? मी बी बसले."

"अहो, पण मी एकटा एवढं कसं करू?"

"त्ये भरताना इचारायचं हुतं."

आराधना काहीतरी पुटपुटली. मरियानं तिकडं लक्ष दिलं नाही. खालच्या वळणावर एसटीचा लाल रंग दिसला तशी ती उठली, रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि दोन्ही हात वर केले. एसटी थांबली. वर चढताना तिनं मागं वळून पाहिलंसुद्धा नाही.

"मावशी, सामान?" कंडक्टरनं विचारलं.

"न्हाई. कायबी न्हाई."

दवाखान्यात ती धापा टाकत पोचली तेव्हा एंजेलाला स्ट्रेचरवर घेतलं होतं. पोरीनं आईचा हात असा धरला की बांगडी रुतली. "लाडू आणले?" तिनं रडत, हसत विचारलं. "घाटात ऱ्हायलं," मरिया म्हणाली, "कांद्याखाली." मग दार बंद झालं.

बाहेर तिचा फोन वाजला. सॅम. "वहिनी, दोन पोती फुटली, बाजरी रस्ताभर झालीय. दादा फोन उचलत नाही, तुम्हीच कुणाला तरी पाठवा ना." तुम्ही पोचलात का, एंजेला आहे कशी, एक शब्द नाही! मरियानं फोन बंद करून गाठोड्यात कोंबला.

बऱ्याच वेळानं दार उघडलं. नर्स मरियानं आत दिलेल्या दुपट्यात गुंडाळलेलं लालबुंद बाळ घेऊन आली आणि म्हणाली, "मुलगी झाली. आई पण छान आहे. वजनदार आहे हं पोरगी. आजी, उभ्यानं धरता की बसून?"

उभ्या जन्मात हे तिला कुणी विचारलं नव्हतं. मरियाला हुंदका आला, तो तिनं गिळला नाही.

"बसून," ती म्हणाली, आणि बाकावर बसून तिनं मांडी पुढं केली.